डोंगराची गाणी आणि एक चौंडके: ध्वनिमुद्रणाच्या नोंदी

बेळगाव-खानापूरकडे कोणी नुसते ‘डोंगराला जाऊन आलो’ म्हणाले की तो डोंगर सौंदत्तीच्या यल्लम्माचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या डोंगराची गाणी पन्नासहून अधिक वर्षे चौंडक्यावर म्हणत आलेली एक जोगतीण माझ्या आजोळी, वैजनाथाच्या डोंगराच्या अलीकडच्या एका गावात राहते. सारे गाव तिला आक्का म्हणते आणि मीही म्हणते. तिचे व गावाचे नाव तिच्याच सांगण्यावरून येथे दिलेले नाही. मी बँकेत नोकरी करते, माझे संगीताचे शिक्षण शाळेतल्या पेटीपुरते आहे आणि यापूर्वी मी कधी ध्वनिमुद्रण केलेले नव्हते. आपापल्या गावातल्या अशा गायिकेची गाणी टिपून ठेवायचे ज्यांच्या मनात असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून देत आहे.

९ जून २०२४, रविवार

आज फक्त बोलणी झाली. आक्काने तीन गोष्टी विचारल्या: ही गाणी ऐकणार कोण, लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर लावणार का, आणि तिचा वेळ जाईल त्याचे काय. मांडवात लावणार नाही असा शब्द दिला. एका बैठकीला ५०० रुपये ठरले आणि ती त्या दिवशी गायली नाही तरी पैसे द्यायचे, असेही ठरले. ही शेवटची अट माझ्या मामीने सुचवली होती. पुढे चार बैठका गाण्याविना गेल्या आणि तरीही आमच्यात वितुष्ट आले नाही, ते या अटीमुळेच.

चौंडके आज पहिल्यांदा जवळून पाहिले. वीतभर उंचीचे लाकडी नळकांडे, त्याच्या एका तोंडाला बकऱ्याचे कातडे, त्या कातड्याच्या मधोमध ओवून बाहेर ओढलेली आतड्याची तात आणि तातेच्या दुसऱ्या टोकाला मुठीत मावेल असा लाकडाचा तुकडा. नळकांडे डाव्या काखेत दाबायचे, डाव्या मुठीने तात ताणायची आणि उजव्या हातातल्या लाकडी चिपेने ती छेडायची. मूठ आवळली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. तुणतुण्याची तार खुंटीला एकदा बांधली की बांधली. येथे मात्र ओढ कमी-जास्त करण्याचे काम हात सतत करत असतो. या फरकाकडे मी त्या दिवशी लक्ष दिले असते तर पुढचे दीड महिने वाचले असते.

१६ जून २०२४, रविवार

मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. सहा गाणी, पाऊण तास. घरी येऊन ऐकले तर चौंडक्याच्या प्रत्येक टोल्याला आक्काचा आवाज दबून जात होता आणि ती श्वास घ्यायला थांबली की कोंबड्यांचा कलकलाट एकदम मोठा होत होता. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. बोलणे टिपायला ते सोयीचे असते, पण एक माणूस गात असताना शेजारी चामड्यावर ठोके पडत असतील तर गाण्याची माती होते. सहाही गाणी बाद केली.

२५ जून २०२४, मंगळवार

रजा काढून गेले आणि हात हलवत परत आले. आक्का परडी काखेत घेऊन, कपाळाला भंडारा लावून दारातच उभी होती. “मंगळवारी कशाला आलीस गं बाई? आज मी जोगव्याला जातो.” मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, रजेचा अर्ज लिहिताना मात्र आठवले नाही. (आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असेच म्हणतात. उतरवून घेताना सुरुवातीला मी ते सवयीने ‘जाते, येते’ असे सुधारून टाकले होते. नंतर सगळीकडे पूर्ववत केले.)

७ जुलै २०२४, रविवार

हातात मावणारा एक जुना रेकॉर्डर ७,८०० रुपयांना घेतला. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. अशा ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. पातळी हाताने लावली आणि सगळ्यात मोठा टोला उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढीच ठेवली.

यंत्र बरोबर होते, जागा चुकली. आक्काच्या घरावर पत्रा आहे आणि जुलैत आमच्या भागात पाऊस कसा लागतो हे येथल्या माणसाला सांगायला नको. एक तासाच्या फाइलीत पाऊस पहिला आणि आक्का दुसरी. वाकळी लावून पाहिल्या. भिंतींचा घुमारा गेला, पत्रा तसाच वाजत राहिला. शेवटी शेजारच्यांचा कौलारू गोठा मिळाला. त्याच्या माळ्यावर भाताचे पिंजार भरलेले होते आणि या पिंजाराने जे काम केले ते कोणत्याही विकतच्या फोमने केले नसते: पावसाचा आवाज वरच अडला आणि आतला घुमाराही मेला. म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी सोडून ठेवावी लागली. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या बैठका गोठ्यातच झाल्या.

२१ जुलै २०२४, रविवार

या नोंदीत सांगायची चूक सगळ्यात महाग पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात प्रत्येक ओवीला स्वतंत्र क्रमांक आहे आणि गायिका, गाव, विषय यांची नोंद आहे. तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून मी तक्ता आखला होता: एक कडवे, एक ओळ, एक क्रमांक. आक्काने आधी शब्द सावकाश सांगावेत, मी ते लिहून घ्यावेत आणि मग गाणे टिपावे, म्हणजे ऐकून उतरवण्याचे कष्ट वाचतील, असा माझा हिशेब होता.

तीन रविवार यात गेले. आक्का दोन ओळी सांगायची, तिसरीला अडखळायची, चौथी दुसऱ्याच गाण्यातली यायची. म्हातारपणामुळे ती विसरू लागली आहे असे मला वाटू लागले आणि तसे मी मामीजवळ बोललेही, याची आज लाज वाटते. तिसऱ्या रविवारी कंटाळून तिने चौंडके ओढून घेतले, मूठ आवळली आणि मघाशी अडलेले तेच गाणे एका दमात बावीस मिनिटे म्हटले. मग म्हणाली, “त्ये असं नुसतं सांगाय येत न्हाई. हाताला वढ लागली की त्वांडाला येतंय.”

शब्द तिच्या डोक्यात ओळींच्या यादीसारखे ठेवलेले नाहीत. कोणत्या ठिकाणी तात ताणायची, कोठे सोडायची, कोठे नुसताच ठोका देऊन थांबायचे, या हालचालींना ते बांधलेले आहेत. जात्यावरची ओवी सुटी उभी राहू शकते. चौंडक्यावरचे गाणे तसे सुटे होत नाही. मग तक्ता फाडला. आता एक अखंड बैठक हे एकक धरले आहे आणि गाणे कोठे सुरू झाले, कोठे संपले हे नंतर ऐकून ठरवते.

शब्द आधी लिहून घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. वाद्य हातात असल्याशिवाय गायिकेची परीक्षा घेऊ नये.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

पाऊण तासाच्या बैठकीत पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, काळी पाचवरून काळी चारवर आली. कातडे दमट हवेत सैल पडत जाते आणि त्याबरोबर तातेचा सूर उतरतो. गाणे सुरू करण्याआधी आक्का चौंडके चुलीजवळ धरून शेकते, पण पावसाळ्यात तो शेक फार वेळ पुरत नाही. मूठ आवळून ती काही वेळ सांभाळून घेते. मग हात दुखू लागला की सूर जेथे उतरेल तेथे गळाही उतरवते.

मी शहाणपणा करून ऑड्यासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पट्टी सरळ करून घेतली. गाणे पेटीवर जुळू लागले आणि आक्काचा आवाज कोणा तरुण मुलीसारखा ऐकू येऊ लागला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावले. आता मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावत नाही; पट्टी कोठून कोठे उतरली एवढे वहीत लिहिते आणि दर वीस मिनिटांनी कातडे शेकायला सुट्टी देते. या सुट्टीत आक्का चहा घेते आणि बोलते. तिच्या आयुष्याविषयी मला जे कळले ते बहुतेक याच सुट्ट्यांमध्ये. मुलाखत म्हणून समोर बसवले होते तेव्हा ती ‘हाय की, चाललंय’ याच्या पुढे गेली नव्हती.

ती नऊ-दहा वर्षांची असताना केसांत जट आली. घरच्यांनी ती देवीची खूण मानली आणि डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात माळ घातली. मुली देवाला सोडण्याविरुद्धचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ सालीच झाला होता आणि आपला भाग तेव्हा त्या इलाख्यात होता. कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला तो १९८२ साली. आक्काची माळ या दोन्हींच्या मधल्या काळातली. पहिला कायदा तिच्या गावापर्यंत पोचला नाही आणि दुसरा आला तेव्हा ती तिशीत होती. गाणे तिने एका वयस्क जोगतिणीमागे परडी घेऊन हिंडताना उचलले. त्या जोगतिणीला ती ‘थोरली’ म्हणते. थोरलीने शिकवले असे कधी झाले नाही. चुकले की चौंडक्याची चिप बोटांवर बसे, एवढेच. नुसत्या जोगव्यावर पोट भरत नसल्याने रोपलावणीला आणि रताळी काढायला ती इतरांच्या शेतात जात असे आणि वाफ्यात गाणे म्हणायला मात्र साफ नकार देत असे, कारण दोन्ही हात चिखलात.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

रेकॉर्डरचे कार्ड भरत आले म्हणून मी ते संगणकावर उतरवून घेतले, असे मला वाटले, आणि कार्ड पुसले. प्रत्यक्षात उतरवले होते ते त्याआधीच्या रविवारचे. अकरा गाणी गेली. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. त्याने तीन परत दिली, त्यातली दोन अर्धवट.

आक्काला सांगायचे धाडस व्हायला आठवडा लागला. ती एवढेच म्हणाली की पुन्हा म्हणू, पण तेच येणार नाही. तसेच झाले. पुन्हा म्हटलेल्या आठ गाण्यांपैकी एक जवळजवळ दुप्पट लांब झाले आणि दुसऱ्यातला एक पूर्ण प्रसंग गळला. आता दोन कार्डे आलटून-पालटून वापरते, दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्क ठेवल्या आहेत, आणि दोन्हींवर फाइल उघडून शेवटचे मिनिट ऐकल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गाणे चालू असताना तात तुटली. तुटण्याचा आवाज फाइलीत आहे आणि त्यानंतर आक्काने हासडलेली शिवीही. तिच्या परवानगीने ती ठेवली आहे.

बकऱ्याच्या आतड्याची तात बेळगावात कोठे मिळेना. पहिल्यांदा पोलादी तार लावून पाहिली. आवाज कर्कश आला आणि पंधरा मिनिटांत तारेने कातड्याचे भोक फाडून मोठे केले. म्हणजे तातेबरोबर कातडेही गेले. ढोलकी मढवणाऱ्या एका कारागिराने नवे कातडे चढवून दिले, त्याचे ६५० रुपये झाले. तातेऐवजी अखेर बॅडमिंटनच्या रॅकेटची नायलॉनची दोरी लावली, २०० रुपये. पहिले दोन दिवस ती ताणून लांब होत राहिली, मग स्थिरावली. आक्काने ती तासभर वाजवून पाहिली आणि “चालतंय, पर जरा मुकी हाय” असा निकाल दिला.

जुने कातडे सोडवताना तातेची आतली गाठ पाहायला मिळाली. गाठ कातड्यातून ओढली जाऊ नये म्हणून तिच्यामागे भोकाचा तांब्याचा पैसा अडकवलेला होता, भोकातून तात ओवलेली. पैशाच्या कडा झिजून धारदार झाल्या होत्या, तरी १९४४ हा आकडा वाचता येत होता. म्हणजे चौंडके थोरलीच्या हातचे आणि आक्कापेक्षा वयाने मोठे असावे. कारागीर त्या जागी चामड्याची चकती बसवणार होता. आक्काने तोच पैसा पुन्हा बसवायला लावला. दुरुस्तीआधी आतल्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवले ते बरे झाले, कारण गाठ कशी होती यावरून पुढे वाद झालाच.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार (नवरात्र)

आक्का नवरात्रात व्यग्र, म्हणून घरी बसून उतरवण्याचे काम केले. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला नऊ ते दहा तास लागत आहेत. गाणी मराठी आहेत असे धरून मी कामाला लागले होते. प्रत्यक्षात ती निम्मी कन्नड निघाली, आणि ती निम्मी कन्नड गाणी व निम्मी मराठी गाणी अशीही नव्हेत. एकाच गाण्यात, कधी एकाच ओळीत, भाषा बदलते.

माझे कन्नड बसमधले आणि बँकेच्या खिडकीवरचे. रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, मलप्रभेवर जाऊन वाळूची घागर घडवते आणि सापाची चुंबळ करून ती डोक्यावर घेते, हा प्रसंग आक्का कन्नडमध्ये म्हणते. मी तेथे ‘उसुकिन कोड’ असे लिहिले. कन्नड तपासून देणाऱ्या शिक्षिकेने वाचले आणि हसत विचारले, “वाळूचे शिंग कशाला?” कन्नडमध्ये ऱ्हस्व ओकार आणि दीर्घ ओकार वेगळे आहेत: ऱ्हस्व ‘कॊड’ म्हणजे घागर, दीर्घ ‘कोडु’ म्हणजे शिंग. आपल्या नेहमीच्या देवनागरीत हा फरक दिसतच नाही. त्यासाठी ऱ्हस्व ‘ऎ’ आणि ‘ऒ’ ही चिन्हे वापरावी लागतात, आणि ती टंकलेखनात कोठे आहेत हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. तोवर उतरवलेली चौदा गाणी पुन्हा तपासावी लागली. शिक्षिकेने सगळ्याचे मिळून ३,००० रुपये घेतले. तिच्या कष्टांच्या मानाने ते फार कमी आहेत.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

मराठी वाचकांसाठी संग्रह करायचा तर सगळी गाणी मराठीतच असावीत, असे मला तोवर वाटत होते. आक्काला विचारले. ती ‘बघतो’ म्हणाली आणि वाळूच्या घागरीचे गाणे तिने खरोखर सगळे मराठीत म्हटले. अर्थ सगळा आला, पण चाल जागोजागी अडखळली, दोन ठिकाणी मूठ चुकीच्या जागी आवळली गेली आणि सहाव्या मिनिटाला तिने चौंडके खाली ठेवले. “सारं मराठीत म्हणलं की आई बोलल्यावाणी वाटत न्हाई.”

या वाक्याचा धागा धरून जुन्या फाइली पुन्हा ऐकल्या. सांगणारी बोलते ते मराठी, देवी बोलते ते कन्नड, असे जवळजवळ सगळीकडे दिसले. ऐकणारे गाव मराठी आहे की कन्नड, यावर ती भाषा बदलत असावी, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकीचा निघाला. आता उतरवलेल्या प्रत्येक ओळीपुढे भाषा आणि कोण बोलते आहे, असे दोन रकाने ठेवले आहेत. इलॅन या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाजाखाली असे थर लावता येतात. शिकायला तीन दिवस लागतात, पण पुढे फार सोय होते.

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. मिरवणूक आणि फेरी, दोन्ही शहरातच. घरी बसून कन्नड ओळी तपासल्या.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

काम थांबले. आक्काच्या भाचीला हे सगळे कळले आणि तिने हरकत घेतली. तिच्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, घरात जोगतीण आहे हे जगजाहीर व्हायला नको, असे तिचे म्हणणे. रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. बाहेरून येऊन गाणी टिपणाऱ्याला घरच्या माणसांना काय भोगावे लागते ते सोसावे लागत नाही. मी कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षपदी राहिलेल्या मंजम्मा जोगती यांचे नाव काढले, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्याचे सांगितले. भाचीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांच्या घरात लग्नाची मुलगी होती का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी असे ठरले: नाव नाही, गाव नाही, चेहऱ्याचे छायाचित्र नाही, आणि मुलीचे लग्न होईपर्यंत कोणतेही गाणे बाहेर द्यायचे नाही. हात आणि चौंडके यांची छायाचित्रे चालतील. हे सगळे आक्का आणि भाची यांच्या आवाजात टिपून ठेवले. अंगठ्याच्या कागदापेक्षा ते दोघींना अधिक पटले. खरे तर हे बोलणे पहिल्याच दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर व्हायला हवे होते.

१४ आणि १५ डिसेंबर २०२४, शनिवार-रविवार

मार्गशीर्षातली पौर्णिमा. आक्काबरोबर डोंगराला गेले. कर्नाटकाच्या बसमध्ये ‘शक्ती’ योजनेमुळे आम्हा दोघींना तिकीट पडले नाही. आक्काच्या मते ही देवीचीच कृपा. वाटेत मलप्रभेचे पाणी दिसले तेव्हा तिने हात जोडले. कणकुंबीला, म्हणजे आपल्याच खानापूरच्या डोंगरात, उगम पावलेली नदी आईच्या पायापर्यंत जाते, याचा तिला केवढा तरी अभिमान आहे.

ध्वनिमुद्रण म्हणून ही खेप वाया गेली असेच म्हणावे लागेल. पायथ्याच्या जोगनभावी कुंडापासून वरपर्यंत गाड्या, कर्णे, हलगी आणि ‘उदं गं आई उदं’चा गजर, त्यात मधूनच कन्नड ‘उधो उधो’. रेकॉर्डरला फरची टोपी असूनही वारा शिरलाच. चार तासांच्या फाइलीत चार मिनिटे कामाची निघाली. पण त्या चार मिनिटांत एक गोष्ट कळली. गोठ्यात बसून आक्का ज्या गाण्यांत मध्येच लांबलचक थांबते, त्या थांब्याच्या जागी येथे चढणाऱ्या बायका ओळ उचलून म्हणत होत्या. म्हणजे तो थांबा म्हणजे गायिकेचा दम नव्हे, ती इतरांची ओळ आहे. गोठ्यातल्या फाइलींत मी असे थांबे ‘विश्रांती’ म्हणून नोंदवले होते. एकोणतीस ठिकाणी दुरुस्ती केली.

दुसरी गोष्ट वेळापत्रक मोडणारी. या पौर्णिमेला जमदग्नीच्या मरणामुळे देवी विधवा होते, जोगतिणी बांगड्या फोडतात. म्हणून हिला रांडाव पुनव म्हणायचे. माघातल्या पौर्णिमेला, अहेव पुनवेला, देवीचे अहेवपण परत येते. मधल्या दोन महिन्यांत आक्का देवीच्या लग्नाची गाणी म्हणत नाही. ती मी नेमकी जानेवारीसाठी राखून ठेवली होती. विचारले असते तर तिने नवरात्रानंतर लगेच म्हटली असती.

१२ जानेवारी २०२५, रविवार

भाषेचा नियम आज मोडला. परशुराम आईचा शिरच्छेद करतो त्या गाण्यात जमदग्नी कन्नड बोलतो, रेणुका कन्नड बोलते आणि परशुराम मात्र स्वच्छ मराठीत उत्तरे देतो. मला वाटले की आक्काच्या हातून चूक झाली. दोन्ही फाइली, ऑगस्टमधली आणि आजची, लावून पाहिल्या, दोन्हींत तसेच. विचारल्यावर ती माझ्याकडे मी वेडी असल्यासारखी पाहू लागली. “परशुराम कोकणातला न्हवं? त्याला कन्नड कुठलं येतंय?”

‘कोण बोलते आहे’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढला: ‘आक्काचे स्पष्टीकरण’. माझे तर्क वेगळ्या शाईने लिहिते.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

माघ पौर्णिमा. आक्काने हिरव्या बांगड्या भरल्या. लग्नाची गाणी एका बैठकीत नऊ मिळाली, तीही पुरत्या सुकलेल्या हवेत. पट्टी शेवटपर्यंत काळी पाचवर राहिली, शेकण्याची सुट्टी घ्यावी लागली नाही, आणि त्यामुळे बोलणेही झाले नाही.

९ मार्च २०२५, रविवार

हिशेब. बावीस बैठका, साधारण एकोणीस तासांचे ध्वनिमुद्रण, सत्तेचाळीस गाणी. मानधनाचे ११,००० झाले, दोन हार्ड डिस्कचे ८,६००, प्रवासाचे ४,४००. रेकॉर्डर, कार्डे, टोपी, चौंडक्याची दुरुस्ती, कन्नड तपासणी असे सगळे धरून ३८,१०० रुपये. यातले १,१०० मेमरी कार्ड चालणाऱ्या एका रेडिओचे आहेत, तो आक्कासाठी घेतला. तिच्या गाण्यांचा पहिला संच तिच्याकडेच असावा असे वाटले.

तिने आज तो ऐकला. पहिली दोन गाणी मान हलवत, तिसऱ्याला कपाळाला आठी घालून. मग रेडिओ बंद करून म्हणाली की ही बाई पुढच्या ओळीला लई घाई करते, दुसऱ्यांना म्हणायला जागाच ठेवत नाही. मी सांगितले की गोठ्यात दुसरे कोणी नव्हतेच. “मग बोलवायचं हुतंस की,” ती म्हणाली.

शेजारच्या गल्लीत डोंगराला जाणाऱ्या पाच बायका आहेत, त्यांपैकी तिघी यायला तयार आहेत. तिसरे गाणे, आणि त्याबरोबर जेथे जेथे थांबे आहेत ती एकोणीस गाणी, त्यांच्यासह पुन्हा टिपायची आहेत. आक्कासह चौघींना एक रेकॉर्डर पुरणार नाही, म्हणून दुसरा मागून आणायचा आहे. पुढची बैठक बुधवारी ठेवली आहे. गोठ्यातले पिंजार आता संपत आले आहे, तेव्हा वाकळी घेऊन जावे लागेल.